शून्य दशांश तीन

विजयकरसाहेबांचा मला कधी राग आला नाही. रागवायला समोरच्या माणसाला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

सत्तावन्न साली मी, नलू कर्णिक, बी.एस्सी. होऊन लालबागच्या एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत लागले. वीरेंद्र विजयकर तिथले मुख्य केमिस्ट. गिरगावातलं जुनं पाठारे प्रभू घराणं; आजोबांच्या किती वाड्या होत्या हे ते पहिल्याच दिवशी सांगत, आणि नंतर रोज. कोटाला संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला. जेवणाच्या सुट्टीत मराठी माणसाच्या स्वाभिमानावर बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा. जिन्यावर मॅनेजरचे बूट वाजले की बिल्ला टेबलाच्या खणात जायचा.

ब्लीचिंग खात्यात कापड पांढरं केल्यावर पातळ ॲसिडातून काढून भरपूर पाण्याने धुतात. ॲसिड मागे राहिलं आणि कापड तसंच तापलेल्या रुळांवर वाळलं, तर सूत कुजतं. म्हणून रोज एक तपासणी असायची. धुतलेल्या कापडातून पिळून पन्नास सी.सी. पाणी घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंगाच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या तोटीच्या काचनळीतून, ॲसिड मारणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंब थेंब सोडायचं. ॲसिड आहे तोवर पाणी बिनरंगी. ते संपलं की पुढच्या एखाद्या थेंबाने फिकट गुलाबी होतं. तिथे हात थांबवायचा आणि किती सी.सी. लागले ते वाचायचं. अर्ध्या सी.सी.च्या आत असलं तर ठीक.

ही तपासणी साहेबांनी स्वतःकडे ठेवली होती. म्हणजे चहा पिता पिता ते रजिस्टरमध्ये ०.३ लिहीत. ब्युरेटवर धूळ होती.

मे महिन्यात दौलत परब वर आला. घोडपदेवला राहणारा, धुण्याच्या मशीनवरचा जुना कामगार.

"साहेब, नळाक पाणी कमी येता. ॲसिड पुरा जाणा नाय."

"तू मशीन चालव. पाण्याची परीक्षा करायला मी आहे."

दौलत गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, आज मी करून बघू का?"

"मिस कर्णिक, ब्युरेट विलायती आहे. फुटला म्हणजे?"

मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला बाटल्या धुवायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी मॅनेजर एक ठाण घेऊन प्रयोगशाळेत आले. बाजारातून माल परत आला होता. त्यांनी दोन बोटांनी कापड ओढलं आणि ते टरकन फाटलं.

"विजयकर, हे काय आहे?"

साहेबांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मशीनवर परब आहे, सर. चळवळीतला माणूस. छप्पन साली आठ दिवस लॉकअपमध्ये होता. न धुताच सोडलं असणार. मुद्दाम."

बिल्ला तेव्हा खणात होता, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

दौलतला बोलावलं. मॅनेजरांनी त्याला आजच कामावरून काढतो म्हणून सांगितलं. दौलत साहेबांकडे बघत म्हणाला, "पाणी कमी येता म्हणान मी तुमका सांगितलंय."

"मला? कधी?" साहेब हसले.

मी पुढे झाले. "सर, सकाळचा नमुना ठेवलाय मी. साहेबांनी आत्ता तपासून दाखवावा."

"करा, विजयकर," मॅनेजर म्हणाले.

साहेबांनी बाह्या सावरल्या. ब्युरेटमध्ये कॉस्टिक भरलं, नमुना खाली ठेवला आणि तोटी सोडली. पाच सी.सी., दहा, वीस. रंग येईना. फिनॉल्फ्थॅलीनची बाटली त्यांच्या कोपराशी होती आणि ते घाम पुसत पाण्याकडे टक लावून बघत होते. पन्नास सी.सी. संपले.

"बघा सर!" ते विजयी स्वरात म्हणाले. "ब्युरेट रिकामा झाला तरी ॲसिड संपत नाही! इतकं ठेवलंय या माणसाने!"

मॅनेजरांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण वाचता येत होतं. त्यांनी रजिस्टर ओढून पानं उलटली. "काल शून्य दशांश तीन. परवा शून्य दशांश तीन. विजयकर, दीड महिना रोज तेच? आणि आज पन्नास?"

मी बाटली उचलून दोन थेंब टाकले. पाणी एकदम गडद गुलाबी झालं.

"पन्नासही नाही, सर. साहेब रंगाचं औषधच घालायला विसरले."

मग मी ब्युरेट धुऊन पुन्हा भरला आणि उरलेल्या नमुन्यावर तपासणी केली. पहिली गुलाबी झाक टिकली तेव्हा आकडा होता सहा दशांश चार. ॲसिड राहत होतं, दौलत म्हणाला तसंच. मॅनेजर आम्हाला घेऊन खाली गेले. फिटरने नळाचा सांधा उघडला, तर आत मूठभर गंज अडकला होता.

"परब, मशीनवर जा," मॅनेजर म्हणाले. माफी कोणी मागितली नाही. दौलतने टोपी नीट केली आणि तो गेला.

विजयकरसाहेबांना काढलं नाही. अशा माणसांना काढत नाहीत. त्यांची फोर्टमधल्या विक्री कचेरीत बदली झाली, तिथे काहीच तपासावं लागत नाही. जाताना ते मला म्हणाले, "मिस कर्णिक, हे तुम्ही मला एकांतात सांगायला हवं होतं."

"तीनदा सांगितलं, साहेब."

"आठवत नाही," ते म्हणाले. मला वाटतं, ते खरं बोलत होते. आपल्याला कोण काय सांगतंय याची त्यांनी कधी दखलच घेतली नव्हती.