कोपऱ्यातल्या बाई

मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे. माझ्या उजव्या खांद्याला पोचा आलाय आणि भिंगाची झाकणी अर्धीच उघडते, उरलेली बोटाने सरकवावी लागते. हसू नका मित्रांनो, म्हातारपण कुणाला चुकलंय? पण गोष्ट सुरू करण्याआधी माझी एक उणीव सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. मला मधलं स्वच्छ दिसतं आणि कोपऱ्यातलं धूसर. लहान भिंगाच्या आम्हा कॅमेऱ्यांची ही जन्मखोडच. आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आता दुकानाच्या काचेआड झळकणार, कुणीतरी हौसेने घेणार, सहलीला नेणार. कसलं काय! मला पाठवलं परीक्षेला. एक गृहस्थ मासिकात नव्या कॅमेऱ्यांचे गुणदोष लिहायचे. कंपन्या त्यांच्या घरी कॅमेरे धाडायच्या. ते प्रत्येकाला दोन आठवडे पिळून काढायचे, मग सगळे फोटो पुसून कॅमेरा परत करायचे. त्यांची बायको त्यांना समोर 'अहो' म्हणायची आणि शेजारणीशी बोलताना 'आमचे भिंगवाले'. मीही त्यांना भिंगवालेच म्हणतो.

भिंगवाल्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. एका मोठ्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलेलं. तो पुठ्ठा बरोबर मधोमध. त्याची बारीक अक्षरं फोटोत वाचता आली की मध्यभाग पास. पण कोपरे तपासायला त्यांना केस हवेत, कापडाची वीण हवी, कातडीचा रंग हवा. म्हणजे माणूस हवा. ते काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या बाईंचं.

"अगं, जरा डावीकडे हो. अजून. अजून थोडी."

"आता भिंतीत शिरू का?" बाई म्हणायच्या. पण सरकायच्या.

दुपारी गच्चीत, रणरणत्या उन्हात. ढगाळ सकाळी खिडकीपाशी. जेवणघरात ट्यूबलाइटखाली. आणि संध्याकाळी जिन्यात, एकुलत्या एका पिवळ्या दिव्याच्या उजेडात. पुठ्ठा उचलून बाईच न्यायच्या, मधे टेकवायच्या आणि स्वतः जाऊन कोपऱ्यात उभ्या राहायच्या. गॅसवर काही ठेवलेलं असलं तर एक कान तिकडे. मी त्यांना शेकडो वेळा टिपलं. कधी अर्धा खांदा, कधी एक गाल. आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी त्या मला धूसरच दिसल्या.

भिंगवाले वहीत लिहायचे. ऊन: रंग छान, पांढऱ्या कपड्याला जांभळी कड. मंद उजेड: फोटो फार दाणेदार, रवा सांडल्यासारखा. मध्यभाग: उत्तम. कोपरे: मऊ, म्हणजे धूसर. ट्यूबलाइटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'चेहरा हिरवट.' बाईंनी मागून वाकून ते वाचलं.

"माझा चेहरा हिरवट?"

"तुझा नाही गं, हा याचा दोष."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, चाळिशीनंतर माणसं पिकतात, मीच उलटी कच्ची होत चाललेय."

मला हसता येत असतं तर मी हसलो असतो. भिंगवाले हसले नाहीत. ते पडद्यावर बाईंचा कान मोठा करून दाणे मोजत होते.

त्याच दुपारची गोष्ट. हात हलू नये म्हणून भिंगवाले मला तिपाईवर बसवून टायमर लावायचे. बटण दाबलं की दहा सेकंद माझा तांबडा दिवा लुकलुकायचा आणि मग फोटो निघायचा. त्यांनी बटण दाबलं आणि वहीकडे वळले. बाई कोपऱ्यात होत्या. चार सेकंद गेले, पाच गेले. आणि बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्या तरातरा चालत मधे आल्या, पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या, कपाळावरची बट मागे सारली आणि सरळ माझ्या डोळ्यात बघून हसल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. पुढचा एक दात किंचित तिरका होता, म्हणून हसताना त्या ओठ जरा मिटून घ्यायच्या. त्या दिवशी विसरल्या होत्या. ट्यूबलाइट होती तरी हिरवट काही दिसलं नाही. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

"अगं, काय हे! सगळी अक्षरं झाकलीस. वाया गेला फोटो."

"राहू द्या की तो एक."

"त्याचा काय उपयोग?" असं म्हणत त्यांनी कचरापेटीचं चित्र असलेलं बटण दाबलं. मी माझ्या परीने विचारलं. मला बोलता येत नाही, पण पडद्यावर तेवढी एक ओळ येते: 'पुसायचा का? हो / नाही.' माझ्या हातात एवढंच होतं. त्यांनी वाचलंही नाही. अंगठा सवयीने 'हो'वर गेला.

बाई वळल्या. परत कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग आणखी साठ-सत्तर फोटो निघाले.

संध्याकाळी जिन्यात तिपाईचा पाय घसरला आणि मी आठ पायऱ्या गडगडत खाली गेलो. फुटका कॅमेरा कंपनीने परत घेतला नाही. मासिकात माझं कौतुक छापून आलं, 'मध्यभाग उत्तम', आणि मी मात्र खणात गेलो. जुन्या किल्ल्या, सुटे स्क्रू आणि मी. पोटातलं फोटोंचं कार्ड काढायचंही कुणाला सुचलं नाही. वर्षं गेली. घरात दुसरे कॅमेरे आले, तपासले गेले, पुसले गेले, परत गेले. खणाच्या फटीतून आवाज यायचा: "अगं, जरा डावीकडे."

मग एकदा तो आवाज यायचा थांबला. बाई आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या.

त्यांची लेक परगावाहून आपल्या लहान मुलीला घेऊन आली. तिला आईचा एक फोटो हवा होता, चौकटीत लावायला. लग्नातले होते, पण ती कुणी वेगळीच कोवळी मुलगी होती. लेक घरी आली की बाई "माझा कशाला, तुमचे काढा" म्हणून आत पळायच्या. भिंगवाल्यांच्या संगणकात होते ते नुसते चौकोनी तुकडे: एक कान, एक बाही, केसांची एक बट. इतक्या कॅमेऱ्यांनी त्या घरात बाईंना पाहिलं, आणि त्या कुठेच उरल्या नव्हत्या.

खण उपसताना मी सापडलो. चार्जर मिळाला. माझा पडदा उजळला. दोनशे बारा फोटो. भिंगवाल्यांनी एकेक पाहिला. मधे अक्षरं, कोपऱ्यात बाई. मोठं करून पाहिलं, तर बाई आणखीच विरघळल्या.

"बाबा, आईला एकदाही मधे का नाही उभं केलंत?"

"एकदा राहिली होती. आपणहून."

"मग तो कुठाय?"

भिंगवाल्यांनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मी पुसला."

लेक मला घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने कार्ड यंत्राला जोडून दोन तास खटपट केली. म्हणाला, "ताई, त्या जागेवर नंतरचे फोटो बसलेत. आता नाही मिळायचा." नंतरचे फोटो, म्हणजे वर्तमानपत्राचे. मीच काढलेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शेवटी त्यातल्या त्यात बरा एक कोपरा कापून, मोठा करून चौकटीत लावला. नात खुर्चीवर चढली आणि नाक काचेला लावून बघत राहिली.

"आजोबा, आजी धुक्यात उभी आहे का?"

"नाही गं," भिंगवाले म्हणाले. "मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं."

आता त्यांनी कॅमेरे तपासणं सोडलंय. मी त्यांच्या टेबलावर असतो. पोरांच्या हाती यंत्र लागलं की ते जपून वापरा, आपटू नका, असं आम्ही म्हातारे कॅमेरे सांगतो. मी नाही सांगणार. मी पडलो, फुटलो, तरी चालतोय. माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. आपलं माणूस एकदा मधे उभं करा. मागची अक्षरं झाकली गेली तर जाऊ द्या.

परवा नात माझ्याशी खेळत होती. तिचं बोट कचरापेटीच्या बटणावर पडलं. पडद्यावर जिन्यातला फोटो होता: नुसते दाणे, आणि कडेला एक खांदा. मी नेहमीसारखं विचारलं, 'पुसायचा का?' भिंगवाले खुर्चीतून उठले, तिच्या हातातून मला अलगद घेतलं, चष्मा लावला, ती ओळ पहिल्यांदाच नीट वाचली आणि 'नाही' दाबलं.