आंबटाचा नियम

वादळात दुलीचंद शेठजींना मिळण्यासारखं पुष्कळ होतं. किन्हीराजा गावात त्या दिवशी बऱ्याच जणांचं काही ना काही उडालं, पडलं, पण इतक्या फायद्याच्या जागा नेमक्या हेरून वारा दुसऱ्या कुणाच्या घरात शिरला नाही.

आधी टिनं घ्या. किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांवर चौदा टिनं होती, बावीस वर्षांची. पावसाळ्यात खाली सात ठिकाणी गंज, म्हणजे पातेली, मांडावे लागत. ती बदलायची म्हणून शेठजी चार वर्षं मालेगावला नुसता भाव विचारून येत होते. न्हाणीची भिंतही पडायला टेकलेली होतीच. आणि मग मागच्या अंगणातलं कागदी लिंबाचं झाड. त्याबद्दल शेठजी कधी उघड बोलले नाहीत, पण गल्लीला माहीत होतं. दुकानाच्या पुढच्या दारी टोपलीत लिंबं असत, उन्हाळ्यात दहाची तीन. मागच्या दारी शेठजींच्या पत्नी जतनबाई तीच लिंबं मागेल त्याच्या पदरात टाकत, फुकट. एका घराला दोन दारं आणि दोन भाव. पुढची टोपली सुकून जाई. झाड गेलं असतं तर अख्खी गल्ली पुढच्या दारी आली असती.

दोन हजार चोवीसचा मे संपत आला होता. दुपारी चारला आभाळ पिवळं पडलं आणि दहा मिनिटं वारा झाला. टिनं पत्त्यांसारखी उचलली गेली, त्यातली पाच शेजारच्या इंद्रभानच्या वावरात जाऊन पडली. भिंत बसली. लिंबू आडवं झालं. अर्ध्या मुळ्या जमिनीत राहिल्या, अर्ध्या वर, आणि हिरवी लिंबं अंगणभर.

इंद्रभान संध्याकाळीच आला. त्याची दोनशे संत्र्याची झाडं आहेत, पडलेलं झाड त्याला वाचता येतं.

"शेठजी, उद्या सकाळीच उभं करू. दोर लावला का उभं होते. मुळ्या उघड्या राह्यल्या तं वाळतीन."

"पंचनामा झाल्याबिगर काडी हलवाची नाई," शेठजी म्हणाले.

"मोबाइलात फोटो काढून ठेवा ना."

"फोटोत वजन दिसत नाई, इंद्रभान. साहेबानं डोळ्यानं पाह्यलं पाह्यजे."

"अन् माह्या वावरातले पाच टिनं?"

"तेही तसेच राहू दे. जिथं पडले तिथं."

जतनबाईंनी दोन पोती भिजवून उघड्या मुळ्यांवर टाकली. सकाळी शेठजींनी ती काढून वाळत घातली. "ओलं दिसलं तं झाड जितं हाय म्हन्तीन," एवढंच त्यांचं म्हणणं. संध्याकाळी पोती पुन्हा मुळ्यांवर, सकाळी पुन्हा तारेवर. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी जतनबाई बसनं शिरपूरला दर्शनाला गेल्या आणि देवासमोर नियम घेऊन परत आल्या: या झाडाला नवं लिंबू लागून घरात येईपर्यंत आंबटाचा त्याग.

जैनांच्या घरात अशा नियमाचं कुणाला नवल नसतं. कुणी महिनाभर तूप सोडतं, कुणी चातुर्मासात साखर. शेठजींनी स्वतः एकदा वर्षभर कारलं सोडलं होतं, जे ते तसंही खात नसत. त्यामुळे त्यांनी "चांगलं केलं" म्हणून मान हलवली. गल्लीचाही अंदाज तोच होता, की बाईंनी आपल्याला न लागणारी वस्तू सोडली असणार.

रात्री ताटात वरण आलं. शेठजींनी एक घास घेतला आणि थांबले.

"चिच्च नाई टाकली?"

"नाई."

"नियम तुह्या, माह्या वरनात काहून?"

"आंबटाचा अंदाज जिभेवर येते. चाखलं तं नियम तुटते. न चाखता टाकलं तं तुमीच म्हनसान बिघडलं." जतनबाईंनी भाकरी पुढे केली. "घ्या ना, गरम हाय."

दुसऱ्या दिवशी कढी झाली नाही. तिसऱ्या दिवशी आंबाडीची भाजी झाली नाही. ताक शेजारी गेलं, इंद्रभानच्या बायकोकडे, विजयमालाकडे. शेठजींनी पुढच्या टोपलीतलं एक लिंबू आणून ताटावर पिळून पाहिलं. बाईंनी अडवलं नाही. "खा ना, नियम माह्या हाय," म्हणाल्या आणि समोर बसून कोरडं वरण-भात जेवल्या. शेठजींच्या ताटाकडे त्या बघत नव्हत्या, आणि ते न बघणं इतकं ठरवून होतं की लिंबू घशाखाली उतरेना. दोन दिवस पिळलं. मग सोडलं. शिवाय ते विकायचं लिंबू होतं.

पंचनाम्याला तलाठी मॅडम आल्या त्या नवव्या दिवशी. त्यांनी टिनं लिहून घेतली, चौदा. भिंत लिहून घेतली. शेठजी त्यांना मागे घेऊन गेले आणि एखाद्या नातेवाइकाचं प्रेत दाखवावं तसं झाड दाखवलं.

"काका, घरामागचं एक झाड मी कुठं लिहू? फळबाग वावरात असते, सात-बाऱ्यावर असते."

"मंग याचं काय?"

"याचं काही नाही. पण हे उभं का नाही केलं? एक फोटो काढून ठेवला असता की झालं असतं."

इंद्रभान कुंपणापलीकडे उभा होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, ते पुरेसं होतं. जतनबाईंनी मॅडमना प्यायला आणून दिलं. नुसतं साखरपाणी. मॅडमनी एक घोट घेतला आणि पेल्यात बघितलं, काहीतरी राहिलंय असं.

त्याच दुपारी इंद्रभाननं ट्रॅक्टर लावला, दोर आवळला, विजयमालानं खालून माती भरली आणि झाड उभं झालं. टेकू दिले. मग इंद्रभान करवत घेऊन चढला. चार मोठ्या फांद्यांपैकी तीन वाळल्या होत्या. एक ठेवली, तीही निम्मी कापून. जखमांना चुना-मोरचूद फासलं. झाड म्हणण्यासारखं फारसं काही उरलं नाही. एक खुंट, त्याला एक हात.

"आठ दिवस आधी हो म्हटलं असतं तं चारी राह्यल्या असत्या," तो वरून म्हणाला.

"फळ कधी लागन?" शेठजींनी विचारलं.

"येईन तवा येईन. जगलं तं दीड वरीस धरा."

शेठजींनी मनातल्या मनात काय गुणलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. दिवसाची दोन जेवणं, दीड वर्ष.

इंद्रभान निघाला तेव्हा ते म्हणाले, "इंद्रभान, झाला आता पंचनामा. ते पाच टिनं आनून टाक."

"कोनते?"

"तुह्या वावरातले."

"शेठजी, कागदावर तं ते उडून गेले. सरकारी कागद हाय. उडालेलं टिन वापस आनून म्या तुमाले खोटं पाडू काय?"

त्या पाच टिनांखाली आता त्याच्या शेळ्या बसतात.

घर सावरायला वेळ लागला. ताडपत्री टाकून त्यावर विटा ठेवल्या, तो पावसाळा सात गंजांऐवजी अकरा गंजांवर गेला. भिंत विटा निवडून निवडून पुन्हा उचलली. मदतीचे पैसे दिवाळीत आले आणि मग टिनं चढली, नवीकोरी, निळी. त्या मधल्या काळात शेठजी मंगळवारी माल आणायला मालेगावला जात आणि उशिरा परतत. एकदा इंद्रभाननं दुकानाच्या पायरीवर त्यांना गाठलं.

"दहीवडे कसे होते शेठजी?"

"कोनते दहीवडे?"

"मिशीवरचे."

शेठजींनी मिशी पुसली आणि त्याला बिस्किटाचा पुडा जुन्या भावानं दिला. पुढचा मंगळवार ते घरीच जेवले.

झाडाकडे त्यांचं लक्ष गेलं ते त्याच पावसाळ्यात, जुलैत. त्या एका फांदीवर बोटभर पोपटी पालवी आली होती. आयुष्यात ज्यांनी अंगणात तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं ते शेठजी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे उभे राहू लागले. पानं मोजू लागले. आणि एका सकाळी मोजणी कमी भरली. पानांवर अळ्या होत्या. लहान असताना पाखराच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की पानासारख्याच हिरव्या.

"एक फवारा मारतो," इंद्रभान म्हणाला. "दुपारपावतर साफ."

"नाई," जतनबाई म्हणाल्या.

या बाबतीत शेठजी बायकोच्याच बाजूचे होते. गव्हात सोंडे झाले तरी ते चाळून, वाटीत घेऊन, सावलीत सोडून येणारा माणूस. मारणं त्यांना जमलंच नसतं. पण पानंही जाऊ द्यायची नव्हती. त्यांनी इंद्रभानला विचारलं, या अळ्या लिंबाशिवाय आणखी कशावर जगतात. इंद्रभाननं सरळ मनानं सांगितलं, बेलावर.

दुसऱ्या दिवसापासून शेठजी स्टीलची वाटी घेऊन, एकेक अळी पानाच्या तुकड्यावर उचलून गल्लीच्या टोकाला महादेवाच्या देवळामागच्या बेलावर नेऊन सोडू लागले. पहिल्या दिवशी सतरा. दुसऱ्या दिवशी तेवीस. आकडा ते दुकानात गिऱ्हाइकाला सांगत, आज किती जीव वाचवले म्हणून. लोक म्हणत, पुण्याचं काम हाय.

श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी बायका बेल तोडायला गेल्या तर खालच्या फांद्यांवर नुसते काटे. विजयमाला रिकामी परडी घेऊन तडक दुकानात आली.

"शेठजी, महादेवाचा बेल कोन खाऊन राह्यलं?"

"जीव खातीन, बाई. त्यायले बी पोट हाय."

"जीव तुमच्या लिंबाचे ना? मंग महादेवाच्या बेलावर काहून?"

शेठजींनी तराजू खाली ठेवला. "मारू मंग? तुमी म्हना. इथं चार लोकांत म्हना, मारा. आत्ता मारतो."

दुकानात चौघं होते. कुणी म्हटलं नाही. देवाचा महिना होता. शेवटी इंद्रभान बाकावरून म्हणाला, "जाऊ दे वो. त्यानं विष पचोलं. अळ्या काय चीज हाय."

त्या सोमवारी बायकांनी बेल वरच्या फांद्यांचा काढला, शिडी लावून. शिडी शेठजींची होती, ती त्यांनी न मागता दिली.

लिंबानं मात्र अंग धरलं. उन्हाळ्यात शेठजींनी त्याला पश्चिमेकडून पोत्यांचा आडोसा केला. तीच पोती, सुकी करून तारेवर टाकलेली, आता रोज स्वतः भिजवून. पुढच्या पावसाळ्यात फुलं आली, बरीचशी गळली, पुन्हा अळ्या आल्या, पुन्हा वाटी निघाली. दिवाळीनंतर फांदीच्या आतल्या अंगाला एकच लिंबू पिवळं झालं. शेठजी ते रोज बघून येत, पण तोडत नव्हते. नियम त्यांचा नव्हता.

मार्गशीर्षात एका दुपारी जतनबाईंनी ते तोडलं. चार फोडी केल्या. दोन ताटलीत घालून विजयमालाकडे पाठवल्या, ज्यांनी झाड उभं केलं त्यांच्या वाट्याच्या. एक शेठजींच्या वरणात पिळली. चौथी त्यांनी मीठ लावून तशीच तोंडात धरली आणि सालीसकट, बीसकट, डोळे मिटून, पूर्ण संपेपर्यंत चोखत राहिल्या. शेठजींचा पहिला घास हातातच राहिला.

"तुले इतकं आवडते?"

"ल्हानपनापासून. माहेरी मले चिच्चीच्या झाडाखालून ओढून आनत." त्यांनी बोटं पुसली. "तुमचं वरन थंड होऊन राह्यलं."

कारल्यासारखं काहीतरी सोडलं असेल, असं ज्यांना वाटलं होतं त्यांचा अंदाज एवढा चुकला होता.

आता मागच्या दारी लिंबं पुन्हा मिळतात. शेठजी स्वतः देतात, एका घराला दोन, आणि देताना नव्यानं फुटलेल्या कोणत्या फांदीचं ते सांगतात. पुढची टोपली त्यांनी काढलेली नाही, तिच्यात लिंबं सुकतात.

तर वादळाचं कुणी भरलं ते असं. टिनं सरकारनं भरली. दीड वर्ष गल्लीनं मालेगावहून आणलेली लिंबं दहाची तीन घेतली, म्हणजे शेठजींना मिळायचं होतं ते मिळालं. इंद्रभानचा अर्धा दिवस गेला, तो त्याच्या शेळ्यांनी वळता केला. शेठजींनी दीड वर्षाचं वरण भरलं, आणि जतनबाईंनी तेवढंच, फक्त त्यांचं जड होतं. झाडाच्या तीन फांद्या गेल्या. उरला बेल, ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता आणि ज्यानं सलग दोन श्रावण भरले.

हल्ली शेठजी वाटी रिकामी केल्यावर बेलाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओततात. कुणी विचारलं तर सांगतात, अळ्यांसाठी.