पहिली ओळ भामा मावशींची

पलूसच्या आमच्या बायकांच्या वंदना मंडळाची चाल मी बांधली, हे लोकांनी न विचारताही मी सांगत असे. शाळेत शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी वस्तीतल्या वीस बायका गोळा केल्या, रविवारी दुपारी विहारात बसवल्या आणि चौऱ्याहत्तर सालच्या बुद्ध पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून त्रिशरण गायचं ठरवलं. पेटी माझी, चालही माझी. कॉलर ताठ करून फिरत होतो मी.

पहिली ओळ एकटीनं म्हणायची, मग बाकीच्यांनी ती उचलायची, असं ठरलं होतं. त्या पहिल्या ओळीला विजयमालाबाईंना भामा मावशीच हव्या होत्या.

एके काळी मावशींच्या गळ्याशिवाय वस्तीत बारसं व्हायचं नाही की हळद लागायची नाही. पण सगळी गाणी जुन्या देवांची. छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा मावशींनी घरातले देव आपल्या हातानं कृष्णेत सोडले आणि त्या दिवसापासून गाणंही सोडलं. सतरा वर्षं ती बाई साधं गुणगुणली नव्हती. मला हा निव्वळ हट्ट वाटायचा, आणि तसं मी बोलूनही दाखवायचो.

"मला ह्यात नगं वडू गं," त्या विजयमालाबाईंना म्हणाल्या. "तोंड उघडलं की जुनंच यील भाईर. लोक म्हणतील, म्हातारीनं देव सोडलं न्हाईत, नुसतं लपवल्यात. मग माझं काय ऱ्हायलं?"

"शब्द पाठ झाल्यावर जुनं कसं येईल, मावशी?"

"लय खोल हाय ते."

पण विजयमालाबाईंनी पिच्छा सोडला नाही. शेवटी मावशी तयार झाल्या. अक्षरओळख नव्हती, म्हणून एकेक पाली शब्द त्यांनी कानानं घेतला. भाकरी थापताना घोकला, उसातलं तण भांगलताना घोकला. दोन महिन्यांत त्यांचा एक उच्चार चुकेना. चुकायचो तो मीच. आवाज मात्र त्या दबकत दबकतच लावायच्या.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढचं अंगण भरलं. सांगलीहून भन्तेजी आले होते. पांढरी लुगडी नेसून आमच्या बायका ओळीनं उभ्या राहिल्या. मी काळी चारचा सूर दिला. मावशींनी डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

साठीची बाई, पण आवाज अंगण ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. शब्द सगळे बरोबर होते. चाल मात्र माझी नव्हती. मावशी त्रिशरण जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणत होत्या.

ओळ संपली तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तोंडावर पदर दाबला. बाकीच्यांना वाट सापडावी म्हणून मी घाईघाईनं पेटीवर माझी चाल धरली.

एकीनंही माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्या बायकांनी एका दमात तीच ओळ उचलली, मावशींच्याच चालीत. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. प्रत्येकीच्या घरात जातं होतं, त्यांना शिकवायचं काय? अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याही गाऊ लागल्या. भन्तेजी हात जोडून ऐकत होते. मी पेटीचा भाता लावून टाकला. बांधलेल्या चालीचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. अशा बाईपुढं पेटी घेऊन बसायला मिळालं, एवढंच पुष्कळ होतं.

हळूहळू मावशींनी तोंडावरचा पदर काढला आणि शेवटपर्यंत गायल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर त्या विहाराच्या पायरीवर बसून रडत होत्या. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"जुनंच आलं रं, दादासो."

"मावशी, ही चाल कुठल्या देवाची?" मी विचारलं.

त्या रडायच्या थांबल्या. तांब्या त्यांनी पायरीवर ठेवला.

"देवाची कुठली?" त्या म्हणाल्या. "माझ्या आयची हाय ती. मला मांडीवर घिऊन दळायची." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् मी येडी, देवांबरूबर तिलाबी कृष्णंत सोडून आल्ते."