सगळीकडे सापडणारं प्रथिन

पेशीतली प्रथिनं एकेकटी काम करत नाहीत, टोळीने करतात. कोण कुठल्या टोळीतलं हे शोधायला आम्ही एकेका प्रथिनाला गळ लावून ओढायचो आणि त्याच्यासोबत कोण कोण आलं ते नोंदवायचो. असे अडीच हजार प्रयोग. ‘आम्ही’ आपलं म्हणायला. सगळे केले आमच्या तंत्रज्ञ ताईंनी, सहा वर्षं थंड खोलीत उभं राहून. मी शेजारी खुर्चीत बसून त्या आकड्यांतून टोळ्या वेगळ्या काढायचे.

एक बारकं प्रथिन जवळजवळ प्रत्येक टोळीत निघत होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी फर्मान काढलं, “सगळ्यांना चिकटतो तो कचरा. यादीतून उडव.”

ताई तडक माझ्याकडे आल्या. “कचरा असता तर गळाशिवायच्या नळ्यांतही आला असता ना? दोनशे नळ्या तपासल्यात, एकीतही नाही. उद्या बैठकीत तू बोल गं. माझं कोण ऐकतंय!”

मी आकडे पाहिले. ताईंचं शंभर टक्के बरोबर होतं. पण ते मान्य करायचं तर सगळं गणित पहिल्यापासून, आणि माझा प्रबंध आणखी वर्षभर लांबणीवर.

बैठकीत शेवटी ताईच बोलल्या. सर म्हणाले, “हात धुतले होते ना नीट?” सगळे खो खो हसले. मग त्यांनी मला विचारलं, “आकडे काय म्हणतात?”

“नक्की सांगता येत नाही,” मी म्हणाले.

ते प्रथिन उडालं. सहा महिन्यांनी ताईंचं कंत्राट संपलं, ते कुणी वाढवलं नाही. मला पदवी मिळाली.

यंदा दुसऱ्या एका गटाने आमचीच जाहीर केलेली कच्ची माहिती वापरून दाखवून दिलं, की ते प्रथिन डझनभर टोळ्यांचा कणा आहे. आपली माहिती जगाच्या उपयोगी पडली म्हणून सरांनी सगळ्यांना कॉफी पाजली. निर्लज्ज माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांना निदान खरं ठाऊक नव्हतं.

ताई आता एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढतात. मी फोन केला. “ताई, तुमचं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं.”

“तेव्हाच?” त्या म्हणाल्या. “अगं, तू आकडे बघून ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणालीस, तर मला वाटलं माझेच हात बिघडले. कंत्राट संपल्यावर दोन प्रयोगशाळांनी बोलावलं होतं मला. मीच नाही म्हणाले.”