मुळाशी ठासलेला छिलका

"बोल गं, बोल की!"

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला त्याला फार दिवस झाले. तेव्हा मी एका पांढुरक्या फळीच्या अंगात होतो. पराचो गावच्या नाबोर मिस्त्रींनी ती फळी कानाशी धरली होती आणि वाकवलेल्या बोटाने ते तिच्यावर टकटक करत होते. गिटार घडवणारा माणूस लाकडाचा आवाज आधी ऐकतो, रूप मागून बघतो. फळी बोलली. मिस्त्री खुदकन हसले. मग त्यांनी रंधा उचलला, आणि पहिल्याच हाताला मी सर्रकन सुटलो, तीन वेटोळी घेतली आणि जमिनीवर पडलो. फळीची गिटार होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं काय होणार, हे कुणीच सांगितलं नाही.

मी एक जुना छिलका आहे. आता निम्मा माती झालो आहे, म्हणून जरा स्वस्थ पडून सांगू शकतो. एरवी आम्हा छिलक्यांच्या अंगात स्वस्थपणा नसतोच. दार उघडलं की आम्ही उडतो, कुणी शिंकलं की उडतो. आणि सारखी धाकधूक. आज चूल पेटवायला नेतील? कुणाच्या खुराड्यात अंथरतील? की वारा सरळ डोंगरापार नेऊन टाकील?

मी जमिनीवर पडलो त्याच आठवड्यात मिस्त्रींची थोरली बहीण हासिंता दारात उभी राहिली. नवरा वारला होता, चेरानचं भाड्याचं घर सुटलं होतं. तिच्या एका हातात गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात चरबीचा जुना डबा. त्या डब्यात एक रोप होतं.

"हे काय ताई? भांडीकुंडी सोडून झाड आणलंस?"

"पेरोन मिरची आहे. डोळे आहेत ना तुला?"

"मिरची आमच्या बाजारातही मिळते."

"मिळत असेल. तिला माझी सवय नाही." हासिंताने डबा खाली ठेवला. "हे बघ नाबोर, आधीच सांगते. तुझ्या अंगणात हिने मूळ धरलं, तर मी राहीन. नाही धरलं, तर ऊरुआपानला लेकीकडे जाईन. उपऱ्यासारखं कुणाच्या घरात बसणं मला जमायचं नाही."

मिस्त्रींचे ओठ हलले. काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं, मी खालून बघत होतो. पण तोंडातून निघालं एवढंच, "बरं." आणि ते पुन्हा रंध्याकडे वळले. दिवसभर लाकडाला बोल बोल म्हणणारा हा माणूस. माणूस समोर आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

रोप भिंतीलगत लागलं. हासिंता सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी घाली आणि पाणी घालता घालता गुणगुणे:

परक्या अंगणी रोप, आलं डब्यात बसून,
मूळ पुसतं मातीला, घेशील का गं आपुलं म्हणून?

पण तो कोरडा वाऱ्याचा महिना होता. पठारावरून वारा सुटे, तो ओल चाटूनपुसून नेई. सकाळी घातलेलं पाणी दुपारी दिसत नसे. मिस्त्री दर तासाला काहीतरी निमित्त काढून अंगणात येत, रोपाकडे बघत आणि मान हलवत परत जात. त्यांची चलबिचल बघून आमचीही वेटोळी अस्वस्थ होत.

एका सकाळी हासिंता मका दळायला गिरणीवर गेली. मिस्त्रींनी टोपलीभर ताजे छिलके उचलले, त्यात मीही होतो. लांब गावी पाठवायची गिटार पेटीत घालताना ते आम्हाला चहूबाजूंनी ठासून भरत. मग पेटी कितीही आदळो, गिटार जागची हलत नाही. त्यांनी रोपालाही तेच केलं. माती उकरली, मुळांभोवती आम्हाला ठासलं, अंगठ्याने दाब दाब दाबलं, वरून माती सारखी केली. इतकी सुबक चूक गिटारवाल्याच्याच हातून व्हावी.

मित्रांनो, कच्चा छिलका फार भुकेला असतो. मातीच्या पोटात पुरला, की कुजता कुजता तो मातीचंच सत्त्व ओढून घेतो. झाडाच्या ताटातलं आम्ही खात होतो. खायचं नाही असं ठरवून थांबता येत असतं, तर मी थांबलो असतो. त्या अंधारात मी नुसता तळमळत होतो. माझ्या शेजारून एक कोवळं मूळ पुढे येई, चाचपडे आणि उपाशीच मागे फिरे.

तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. हासिंताचं गुणगुणणं बंद झालं. एक दिवस ती खुरपं घेऊन आली.

"काढतेस?" भिंतीवरून शेजारच्या चोनाने विचारलं. तिच्या काखेत एक कोंबडी होती.

"काढते. या मातीला मी नको आहे." हासिंताने माती उकरली आणि ती थबकली. "चोना, हे बघ गं. मुळांत छिलके!"

चोना भिंतीवरून वाकली. "अगं बाई! छिलका वर अंथरायचा असतो, पोटात नाही घालायचा. काढ सगळे. मुळांना माझ्या खुराड्यातलं जुनं खत घाल थोडं. मग हेच छिलके वर पसर, खोडापासून वीतभर लांब. ओल धरून ठेवतील."

"पण हे आत गेले कसे?"

"माझ्या कोंबड्यांवर आळ घेऊ नकोस. त्या एवढ्या टापटिपीच्या नाहीत."

हासिंता हसली नाही. आमच्यावर अंगठ्याचे दाब उमटले होते, ते ती बघत राहिली. मग तिने कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. आतला रंधा थांबला होता.

"ज्याने भरले," ती सावकाश म्हणाली, "त्याला हे झाड मरायला हवं होतं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की नाही बाई, तसं नाही! पण छिलक्याला तोंड कुठलं? मी वर अंथरला गेलो, उन्हात पडलो. वाऱ्याला थोपवलं, ओलीवर पाखर घातली. जे सत्त्व मी पोटात शिरून हिरावलं होतं, ते आता उघड्यावर पडून कणाकणाने परत देत होतो. महिन्याभरात शेंड्याला हिरवा कोंब फुटला. पाठोपाठ पेरोनला येतं तसं एक जांभळं फूल आलं.

पण घरात दोघं भावंडं मुक्याने जेवत होती. घास मोडल्याचा आवाजसुद्धा ऐकू यावा इतकं मुक्याने. हासिंताने लेकीला निरोप धाडला होता, की रविवारच्या बसने येते.

मित्रांनो, आम्हाला कचरा म्हणून जाळू नका. झाडाच्या पायथ्याशी पसरा, खोडाला जरा श्वास घेऊ द्या, आणि मुळांत मात्र कोंबू नका. माया कितीही असली, तरी ती कुठे ठेवायची हे विचारून घ्यावं. मिस्त्रींनी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं.

रविवारी सकाळी हासिंता चरबीचा तो डबा घेऊन अंगणात आली. मला हातांनी बाजूला सारून तिने खुरपं मातीत घातलं. तेवढ्यात दारात मिस्त्री दिसले, बाह्यांना भुसा, हातात रंधा तसाच.

"खणू नकोस," ते म्हणाले.

"झाड माझं आहे."

"ते छिलके मी भरले होते."

"माहीत आहे मला. अंगठा ओळखते मी तुझा. लहानपणी माझ्या भाकरीवर उमटायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. आता बस यायची वेळ झाली, नाबोर."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. तो उलटा पडला, तरी त्यांनी बघितलं नाही.

"मारायला नव्हते भरले, ताई. रोप हलू नये म्हणून भरले. ते हललं असतं, तर तू गेली असतीस." "तू डबा घेऊन दारात आलीस ना, तेव्हाच म्हणणार होतो. मिरची जगो नाहीतर मरो. तू राहा."