कापसाच्या गंजीवरची स्की

ज्या वर्षी इंदूबाईच्या लेकीचं, साधनाचं, लग्न झालं, त्या वर्षी, म्हणजे २००४ च्या डिसेंबरात, मी घाटंजीला आले. मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. बर्फाच्या उतारावरून घसरण्यासाठी पायाला बांधतात ती लांब फळी. साधनाचा भाऊ संघदीप फौजेतून निवृत्त झाला, तेव्हा लिलावात निघालेली आमची जोडी त्याने हौसेने घरी आणली.

डोंगरावरच्या फौजेच्या कोठारात आमच्या तीन जाती होत्या. काहींच्या पोटात फोम. त्या स्वस्त आणि हलक्या, पण कडक बर्फावर थरथरत. काहींच्या पोटात धातूचे पत्रे. त्या सर्वांत महाग, वेगातही स्थिर, पण नवख्याच्या गुडघ्यांना जड. माझ्या पोटात लाकडाच्या चिकटवलेल्या पट्ट्या आणि कडेला पोलाद. किंमत मधली, चाल भरवशाची. माझ्या कडांना धार लावणं आणि तळाला मेण घासणं हे संघदीपचं काम. साहेब लोक त्याला विचारून स्की निवडत. तो स्वतः मात्र कधी उतारावर गेला नाही.

इंदूबाईला हे पटत नसे. ती जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसातली कवडी, म्हणजे किडका, पिवळट कापूस, वेचायची, आणि वेचता वेचता बायांना सांगायची, "माहा पोरगा बर्फावरून पाखरावानी जाते."

त्या हंगामात कापसाला भाव नव्हता. गाड्या फाटकाबाहेर ताटकळत. माणसं रिकामी, आणि रिकाम्या माणसांना खेळणं लागतं. संघदीप तिथेच चौकीदार लागला होता. आत कापसाची गंजी दुमजली घराएवढी. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर खेमसिंग तिच्याकडे बोट दाखवून म्हणे, हा घे तुझा बर्फ, घसर. कोणी म्हणे, हा फौजेत आचारी असेल. संघदीप हसून सोडून देई.

एक दिवस खेमसिंग इंदूबाईकडे वळला. "काय वो मावशी, तुमचं पाखरू कोंबडीचं तं नोहे ना?"

सारं आवार हसलं. इंदूबाईचे हात कवडीत थांबले.

संघदीप घरी जाऊन आम्हाला घेऊन आला. मजुरांनी गंजी पायथ्याशी पोखरली आहे, हे त्याला दिसत होतं. "बर्फ सोडते भाऊ, कापूस धरते," तो एवढंच म्हणाला.

इंदूबाई आडवी आली. "राहू दे रे बाप्पा. मीच खोटं बोलली, असं सांगतो त्यायले."

त्याने तिला ते सांगू दिलं नाही.

गंजीवर चढून त्याने आम्हाला पायांत बांधलं. वरून तो हातभर घसरला असेल. माझं टोक रुतलं, तो पुढे खाली कोसळला आणि गंजीचा पोखरलेला कडा खचून त्याच्यावर बसला. मित्रांनो, माझी बूट धरणारी पकड जोराचा हिसका बसला तरच पाय सोडते. बर्फावर तिने कित्येकांचे पाय वाचवले. कापसात हिसका बसलाच नाही. सगळं मऊ होतं. मी पाय सोडला नाही.

लोक टाळ्या वाजवत होते. माझी शेपटी बाहेर हलताना पाहून त्यांना आणखीच हसू आलं. खेमसिंग ओरडला, माल खराब करू नको. इंदूबाई एकटीच हातांनी कापूस उपसत होती. माझं हलणं थांबलं, तेव्हा बाकीचे धावले.

माझी जुळी पंचनाम्यात गेली, ती परत आली नाही. मी त्याच फाटकाचा अडसर झाले. येणारा-जाणारा लाथेने मला बाजूला सारतो.

मित्रांनो, वस्तू जिथली असेल तिथेच वापरा. आणि कोणाची आई लेकराचं कौतुक जरा वाढवून सांगत असेल, तर ऐकून घ्या. पुरावा मागू नका.

संघदीप ५ फेब्रुवारी २००५ रोजी, शनिवारी दुपारी वारला. इंदूबाई त्याच वर्षी पावसाळ्यात गेली.