आबांच्या हातचं वंगण

मित्रांनो, भुकूमला गेणबांच्या पडवीत वैरणीमागे वाकून पाहिलंत, तर मी दिसेन. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. अंगाला गंज चढला आहे, एका चाकाचं रबर उंदरांनी खाल्लं आहे आणि बसायच्या कापडावर कोंबडी अंडी घालते. तिचा मला राग नाही. निदान कोणीतरी बसतं.

माझा जन्म पुण्यात, जखमी जवानांच्या एका दवाखान्यातला. सायकलीसारख्या नळ्या, तारांची हलकी चाकं आणि चाकांच्या पोटात पोलादी छर्रे. हे छर्रे म्हणजे माझा जीव. त्यांना थेंबभर पातळ तेल पुरतं, पण कचरा अजिबात खपत नाही.

माझ्यावर पहिल्यांदा बसला तो गेणबांचा मुलगा जयसिंग. पासष्टच्या लढाईत त्याच्या पाठीत गोळी लागली आणि कमरेखालचं अंग गेलं. कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. मग दवाखान्यात खुर्च्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि गडी जागा झाला. नांगर धरलेले खांदे ते! आम्ही दोघं सुटलो की बाकीच्यांनी धूळच खायची.

अशात परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. तिथे पुरुषांची खुर्च्यांची छोट्या पल्ल्याची शर्यत होती. त्यात नंबर आणलास, तर नव्या जखमी जवानांना शिकवायला तुला इथेच ठेवून घेऊ, असा शब्द दवाखान्याच्या साहेबांनी दिला होता. नाहीतर घरची पडवी होतीच. जयसिंगला गोळीची भीती वाटली नव्हती तेवढी त्या पडवीची वाटायची.

निघण्याआधी तो गावच्या जत्रेला घरी आला. सोबत मीही. आता गेणबांविषयी सांगायला हवं. शर्यतीच्या बैलगाडीत त्यांचा हात धरणारा मावळात कोणी नव्हता. शर्यतीआधी गाडीच्या आखाला वंगण घालायचं ते त्यांनीच. पेंढा जाळायचा, त्याची राख एरंडेल तेलात मळायची आणि तो काळा गोळा बोटाने चाकात ठासायचा. लाकडी चाक त्याने लोण्यासारखं फिरतं. शिवाय घातलेलं वंगण कोणाला बोलून दाखवायचं नाही, अशी त्यांची रीत होती. बोललं की दृष्ट लागते म्हणे.

मित्रांनी जयसिंगला खांद्यावर घालून देवळात नेलं, तेव्हा गेणबा माझ्यापाशी आले. पकडीने चाकांची टोपणं काढली आणि माझ्या छर्‍यांवर ते वंगण ठासून भरलं. किती मायेने भरलं! मग बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवला.

"पोराला उणं पडू दिऊ नगंस, बाई," ते म्हणाले.

मला वाचा असती, तर मी जिवाच्या आकांताने ओरडले असते.

दुसऱ्याच दिवशी मला गोणपाटात बांधून विमानात टाकलं. तिकडे हाडं गोठवणारी थंडी होती. पोटातलं एरंडेल थिजलं आणि राख छर्‍यांत रुतून बसली. मैदानाला चक्कर मारताना जयसिंगला मी जड लागले, पण प्रवासाने हात आखडले असतील, असं त्याला वाटलं. मग शर्यतीची शिट्टी झाली. बाकीच्या खुर्च्या सरसर पुढे गेल्या. जयसिंगच्या तळव्यांची सालटी निघाली, तरी मी रखडतच राहिले. आम्ही शेवटचे आलो.

नंतर त्याने टोपण काढलं. काळा गोळा बोटावर घेतला आणि हुंगला. तो वास त्याच्या लहानपणापासूनचा होता. साहेब तावातावाने आले. हा गाढवपणा कोणाचा, म्हणून विचारू लागले.

"माझाच, साहेब," जयसिंग म्हणाला.

दवाखान्यातली जागा गेली. तो घरी आला, तेव्हा गेणबा वाटेवरच उभे होते. त्यांनी पहिला हात माझ्या चाकाला लावला.

"चाक कसं फिरलं रं?"

"लई हलकं फिरलं, आबा. माझंच बळ कमी पडलं."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर पारावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, गाडीत काही खोट नव्हती, पोरगंच कमी पडलं. पडवीतून जयसिंगला ते ऐकू येई. आणि दर जत्रेला गेणबा माझ्या चाकांत पुन्हा तेच वंगण भरत.

गेल्या साली गेणबा गेले. खरं काय ते त्यांना कधी कळलंच नाही, म्हणून सुखाने गेले. मग जयसिंगची आई साळूबाई रॉकेल नि चिंधी घेऊन आली. चाकं धुऊन काढते, तेवढंच तुला अंगणात बसता येईल, म्हणाली. जयसिंगने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, आई. आबांचा हात हाय तितं."

तेव्हापासून माझी चाकं फिरत नाहीत आणि जयसिंग पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

मित्रांनो, मायेने काही करायला निघालात, तर आधी ज्याच्यासाठी करायचं त्याला विचारा. भुकूमला आलात, तर जयसिंगपाशी घडीभर बसा. आणि माझी चाकं धुवावीशी वाटली, तर तेही त्याला विचारूनच करा.